गव्हाणीतलं चघाळ आणि वसमतची हळद

लेकरांनो, उद्या सकाळी गव्हाणीत उरलेलं चघाळ हातात घेऊन बघा. बैलांनी रात्रभरात काय खाल्लं यापेक्षा त्यांनी काय टाकून दिलं, ते बघा. एकही पान सापडणार नाही. शेंड्याकडची कोवळी कांडी सापडणार नाहीत. उरलेली असतात ती बुडाकडची जाड कांडी, आणि त्यांतही पेरं. जनावरानं तिथं दात लावून पाहिलेला असतो आणि सोडून दिलेलं असतं. ज्वारी एकच, ताट एकच, एकाच काळ्या रानात वाढलेलं. मग वरचं गोड आणि खालचं नकोसं, असं का?

हे कोडं सोडवायला मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी आयुष्यं घातली. त्यांना जे सापडलं, ते आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या दोन पिकांना एकमेकांशी जोडतं. एक कडब्याची ज्वारी आणि दुसरी वसमतची हळद. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून आज ती सावकाश सांगतो.

ताटाचं कांडं आडवं कापून त्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की लहान लहान खोल्या दिसतात. त्या पेशी. प्रत्येक पेशीभोवती भिंत असते, तिला पेशीभित्तिका म्हणतात. आपल्या अंगातल्या पेशींना अशी भिंत नसते, आपल्याला आधाराला हाडं आहेत. झाडाला हाड नाही. त्याची प्रत्येक पेशी स्वतःची भिंत स्वतः बांधते, आणि त्या भिंतींच्या जोरावर ज्वारी पुरुषभर उंच होऊन कणसाचं ओझं डोक्यावर धरून उभी राहते.

भिंत कशाची? 1838 च्या सुमाराला फ्रान्समध्ये अँसेल्म पायेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं लाकडावर तीव्र आम्लाची आणि अल्कलीची प्रक्रिया केली. शेवटी पांढरा तंतुमय पदार्थ उरला. तो साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी होता. त्याला पायेननं सेल्युलोज हे नाव दिलं. आपल्या बोंडातला कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. पण त्याच झाडाची पऱ्हाटी हातानं मोडून पाहा. एकाच मुळावर बोंड इतकं मऊ आणि काडी इतकी टणक! पऱ्हाटीत सेल्युलोजवर एक दुसरा पदार्थ चढलेला असतो, लिग्निन. पायेननं लाकडातून जे काढून टाकलं होतं, तेच हे. हा पदार्थ साखरेचा नाही. सहा कार्बनचं एक कडं, त्या कड्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी, अशा रचनेला फिनॉल म्हणतात. अशी हजारो कडी वाटेल तशी एकमेकांना चिकटली की लिग्निन तयार होतं.

घराचा स्लॅब टाकताना तुम्ही पाहिलाय. आधी सळया अंथरतात, मग गवंडी पक्कड घेऊन सळ्यांच्या प्रत्येक फुलीवर बारीक तारेची गाठ मारत जातो, आणि शेवटी काँक्रीट ओततात. पेशीभित्तिकेत सेल्युलोज म्हणजे सळई आणि लिग्निन म्हणजे काँक्रीट. पुष्कळ पुस्तकं इथंच थांबतात आणि तारेच्या गाठीला विसरतात. आजची आपली गोष्ट त्या गाठीची आहे.

त्या गाठीच्या पदार्थाचं नाव फेरुलिक आम्ल. 1866 मध्ये ह्लासिवेट्झ आणि बार्थ या दोघांनी तो पहिल्यांदा वेगळा काढला, तो हिंगातून. हिंग ज्या झाडाच्या चिकापासून होतो त्याचं शास्त्रीय नाव फेरुला, म्हणून हे फेरुलिक आम्ल. तुमच्या आजीच्या मसाल्याच्या डब्यात या आम्लाचं सगळं गणगोत बसलेलं आहे. दालचिनीचा वास देणारं सिनॅमाल्डिहाइड, लवंगेतलं युजेनॉल आणि आइसक्रीममधलं व्हॅनिलिन ही सगळी याच घराण्यातली. झाडं फेनिलॲलनिन नावाच्या एका अमिनो आम्लापासून सुरुवात करतात आणि एकेक पायरी चढत ही सगळी संयुगं घडवतात.

ज्वारीच्या भिंतीत सेल्युलोजच्या सळ्यांना लपेटून साखरेची आणखी एक साखळी बसलेली असते, अरॅबिनोझायलन. तिला ठिकठिकाणी फेरुलिक आम्लाचे कण लोंबकळत असतात. पेशी वाढत असते तोवर ते नुसते लोंबकळतात. वाढ संपत आली, की पेशी भिंतीत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते आणि पेरॉक्सिडेज नावाचं विकर कामाला लागतं. मग शेजारशेजारच्या दोन साखळ्यांवरचे दोन फेरुलिक कण एकमेकांना धरतात. दोन कणांची मिळून एक गाठ. अशा गाठी बसत गेल्या, की भिंत ताठ होते, पेशीला आणखी ताणता येत नाही. नंतर लिग्निन येतं आणि तेही या गाठींनाच पकडून पसरतं. बुडाचं कांडं सगळ्यांत जुनं, म्हणून त्यात गाठी जास्त आणि लिग्निनही जास्त. बैलाच्या दाताला ते आधी कळतं, शास्त्रज्ञाला फार उशिरा कळलं.

आता यातली मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट. ज्या आम्लाच्या या गाठी, ते आम्ल डोळ्यांना दिसू शकतं.

1976 मध्ये फिलिप हॅरिस आणि आर. डी. हार्टली यांनी गवताच्या पातळ चकत्या अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. अतिनील प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पण फेरुलिक आम्ल तो प्रकाश पिऊन घेतं आणि बदल्यात निळा प्रकाश बाहेर टाकतं. गवताच्या भिंती निळ्या उजळल्या. मग चकतीवर अमोनिया सोडला, तर तोच निळा रंग हिरवा झाला आणि आणखी तेजस्वी झाला. लिग्निनसुद्धा निळं चमकतं, पण अमोनियानं ते असं हिरवं होत नाही. म्हणजे भिंतीत साखरेला बांधलेलं फेरुलिक आम्ल आहे, याची ती साक्ष होती.

ते दोघं गवतावर थांबले नाहीत. एकदल वनस्पतींची कुळंच्या कुळं त्यांनी या प्रकाशात तपासली. त्यातून जे दिसलं, ते आपल्या शिवारात उभं राहून मोजता येतं. ज्वारी चमकते. गहू, मका, ऊस, बांबू, सगळी गवतं चमकतात. केळी चमकते. शिंदीचं आणि नारळाचं झाड चमकतं. हळद आणि आलं चमकतात. पण कांदा आणि लसूण? तीही एकदलच, हळदीसारखी जमिनीत पोसणारी, पण त्यांच्या साध्या भिंती अंधारातच राहतात. कापूस, तूर, सोयाबीन यांच्याही भिंतींत या गाठी नाहीत. त्यांच्या काड्या टणक होतात त्या लिग्निननं, तारेच्या गाठीशिवाय. अपवाद म्हणून पालक आणि बीट यांच्या कुळात मात्र हे आम्ल भिंतीत सापडतं, तेही वेगळ्याच साखळीवर बसलेलं.

म्हणजे वसमत तालुक्यात बांधाच्या अलीकडे केळी, पलीकडे हळद आणि कडेला ऊस असेल, तर ती तिन्ही एका जुन्या वंशातली भावंडं आहेत. आणि वाफ्यातला कांदा त्यांचा लांबचा पाव्हणा. पानं, फुलं, कंद बघून हे नातं मला कधीच ओळखता आलं नसतं. भिंतीतल्या एका आम्लानं ते सांगितलं, आणि पुढं वनस्पतींच्या जनुकांवरून वंशावळ मांडली गेली, तेव्हा हा गट तिथंही एकत्रच निघाला.

चमक दिसली म्हणजे आम्ल आहे एवढं कळतं, पण किती आहे ते कळत नाही. ते मोजायचं तर भिंत उसकटावी लागते, आणि हे काम फार धीराचं आहे. आधी कांडं वाळवून दळायचं. मग ते पाण्यानं, अल्कोहोलनं, अॅसिटोननं पुन्हा पुन्हा धुवायचं, म्हणजे साखर, रंग, तेल, जे जे सुटं आहे ते निघून जातं. पिठूळ भाग असेल तर तो विकरानं विरघळवायचा. खाली जी फिकी, बेचव भुकटी उरते ती निव्वळ पेशीभित्तिका.

आता या भुकटीत कॉस्टिक सोड्याचं पाणी घालायचं, एका लिटरला 40 ग्रॅम या प्रमाणात. फेरुलिक आम्ल साखरेशी ज्या बंधानं जोडलेलं असतं, त्याला एस्टर म्हणतात, आणि तो बंध अल्कलीत सुटतो. चूल लागत नाही, नेहमीच्या तापमानाला रात्रभर ठेवलं तरी पुरतं. पण बाटली अंधारात ठेवायची आणि तिच्यातली हवा काढून नायट्रोजन भरायचा. उजेड लागला तर या आम्लाचा कण मधल्या जोडापाशी वळून त्याचं रूप बदलतं, आणि हवा लागली तर ऑक्सिजन त्याला खाऊन टाकतो. लिग्निनला घट्ट जखडलेलं आम्ल मात्र एवढ्यानं सुटत नाही. त्याला चौपट तीव्र सोडा आणि 170 अंशांची उष्णता लागते, तीही बंद पोलादी भांड्यात.

सुटलेली सगळी आम्लं एका पाण्यात मिसळलेली असतात. ती निवडायची कशी? ही युक्ती रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी काचेच्या नळीत खडूची पूड ठासून भरली आणि वरून पानांच्या रंगाचा अर्क ओतला. प्रत्येक रंग खडूला वेगवेगळ्या जोरानं चिकटतो, म्हणून प्रत्येक जण वेगळ्या वेगानं खाली उतरला आणि नळीत हिरवे-पिवळे पट्टे उमटले. तुम्ही हे घरी करू शकता. फळ्यावरच्या पांढऱ्या खडूवर बुडापासून बोटभर वर काळ्या स्केचपेनची रेघ ओढा, खडू थोड्याशा पाण्यात उभा करा, रेघ पाण्याच्या वर राहू द्या. काळ्या रंगातले लपलेले रंग एकेक करून वर चढतील. आजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीऐवजी वीतभर लांबीची पोलादी नळी असते आणि पंप द्रव दाबानं पुढं ढकलतो. प्रत्येक संयुग आपल्या ठरलेल्या मिनिटाला बाहेर पडतं. आधी येतं कुमॅरिक आम्ल, मग त्याचा भाऊ फेरुलिक. बाहेर पडताना त्यानं अतिनील प्रकाश किती अडवला, त्यावरून त्याचं वजन कळतं. मक्याच्या कोंड्यात अशा मोजणीत शंभर ग्रॅमला 3 ग्रॅमच्या आसपास फेरुलिक आम्ल निघतं. एका साध्या कोंड्यात एवढं!

गाठी मोजण्याची कथा याहून रंगतदार आहे. 1971 मध्ये गाइसमान आणि न्यूकॉम यांना गव्हाच्या पिठात दोन फेरुलिक कणांची एक जोडी सापडली. पुढं वीस-बावीस वर्षं सगळे प्रयोगकर्ते तीच एक जोडी शोधत आणि मोजत राहिले. ती फार थोडी निघायची, त्यामुळं या गाठींनी भिंत खरंच आवळली जात असेल का, अशी शंका यायची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जॉन राल्फ आणि त्यांच्या साथीदारांनी वेगळा विचार केला. त्यांनी कागदावर मांडून पाहिलं, की दोन फेरुलिक कण एकमेकांना किती प्रकारे धरू शकतात. प्रकार बरेच निघाले. मग त्यांनी त्या जोड्या प्रयोगशाळेत स्वतः बनवल्या, त्यांची ओळख पक्की केली आणि मग गवताच्या भिंतीत तपास केला. त्या सगळ्या तिथं होत्या. 1994 साली हे प्रसिद्ध झालं आणि भिंतीतल्या गाठींचा हिशेब कितीतरी पटींनी वाढला. जुन्यांचं मोजणं खोटं नव्हतं. ते एकाच जातीची गाठ ओळखत होते, एवढंच.

आता चला वसमतला. तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला रानारानांत कढया चढतात, हळद शिजते, वाळते, ढोलात घासून चकाकते, आणि मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागतात. ओलं हळकुंड कापून भिंगातून पाहा. पिवळा रंग सगळीकडे सारखा नसतो, तो ठरावीक पेशींत साठलेला असतो. शिजवल्यावर तो कंदभर पसरतो.

हा पिवळा पदार्थ, म्हणजे कुरकुमिन, फोगेल आणि पेल्तिए या शास्त्रज्ञांनी 1815 मध्ये वेगळा काढला. पण तो आतून कसा बांधलेला आहे ते कळायला 1910 उजाडलं. पोलिश रसायनशास्त्रज्ञ कोस्तानेत्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी कुरकुमिनची रचना मांडली, आणि ती पाहून मी तरी थक्क होतो. दोन फेरुलिक कण, आणि त्यांच्या मधोमध एका कार्बनचा जोड. बस्स, हेच कुरकुमिन. ज्वारीच्या भिंतीत दोन फेरुलिक एकमेकांना धरतात तेव्हा त्यांची गाठ होते, आणि बैल ते कांडं टाकून देतो. हळदीत दोन फेरुलिक जरा निराळ्या रीतीनं जुळतात तेव्हा त्यांचा रंग होतो, आणि त्यानं नवरा-नवरी पिवळी होतात.

हे जुळवतं कोण? जपानमध्ये कात्सुयामा, होरिनोउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हळदीतली दोन विकरं शोधून काढली. एक विकर फेरुलिकच्या कणाला छोटी शेपटी लावतं, आणि दुसरं त्या शेपटीवर दुसरा फेरुलिक आणून बसवतं. ज्वारी फेरुलिकचा कण हळदीइतकाच सहज घडवते, पण पुढची ही जोडणी तिला येत नाही. तिचं फेरुलिक भिंतीत जातं.

एक लक्षात ठेवा, हळदीच्या भिंतीतही या गाठी आहेत, ती चमकणाऱ्या वंशातली आहे. त्यामुळं हळदीची पेशीभित्तिका तपासणाऱ्याला फार जपावं लागतं. भुकटी पूर्ण पांढुरकी होईपर्यंत धुतली नाही आणि तशीच सोड्यात टाकली, तर दोन गोष्टी घडतात. आधी सगळं लालभडक होतं. हळदीला चुना लावला की होतं तेच हे, आणि तुमच्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तोही याच कारणानं. लिंबू पिळलं की तो पुन्हा पिवळा. पण अल्कलीत जास्त वेळ राहिलं, की कुरकुमिन तुटतं, आणि तुटून त्यातून काय बाहेर पडतं? फेरुलिक आम्ल आणि व्हॅनिलिन. मग यंत्र ते इमानेइतबारे मोजतं आणि रंगातलं फेरुलिक भिंतीच्या खात्यावर चढतं. म्हणून मी म्हणतो, या सगळ्या तपासणीत धुण्याइतकं महत्त्वाचं काम दुसरं नाही. महागडं यंत्र त्याच्यानंतर येतं.

आता पुन्हा बैलाकडे. त्याच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात कोट्यवधी जिवाणू असतात, हे तुम्ही शाळेत शिकलात. 1975 मध्ये इंग्लंडमध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या पोटात त्याहून वेगळं काही पाहिलं. शेपटीनं पोहणाऱ्या काही जीवांना सगळे आदिजीव समजत असत. ऑर्पिन यांना दिसलं, की ती बुरशीची पिल्लं आहेत. केवळ हवा नसलेल्या जागीच जगणारी बुरशी तोवर कुणाच्या कल्पनेत नव्हती. ही बुरशी कडब्याच्या तुकड्याला चिकटते, त्यात मुळं घुसवते आणि एक विकर सोडते. ते नेमका तो एस्टरचा बंध तोडतं, ज्यासाठी आपल्याला कॉस्टिक सोडा आणि रात्रभर वेळ लागला. पण जिथं गाठी फार आणि त्यांवर लिग्निनही दाट, तिथं बुरशीचंही फारसं चालत नाही. चघाळातली पेरं म्हणजे ती जागा.

मग गाठीच कमी असलेली ज्वारी पिकवली तर? तसं लिग्निनच्या बाबतीत झालं आहे. मक्यात 1924 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात पानाची मधली शीर तपकिरी असलेली रोपं दिसली. त्यांच्यात लिग्निन कमी निघालं. 1978 मध्ये पर्ड्यू विद्यापीठानं रसायनाच्या साहाय्यानं ज्वारीतही तशीच तपकिरी शिरेची रोपं तयार केली. जनावरांना ती चांगली पचतात. पण अशा ज्वारीचं ताट वाऱ्यापुढं लवकर लोळतं आणि उताराही बहुधा घटतो. आपल्याकडं ज्वारी नुसत्या वैरणीसाठी नसते, भाकरीही तिच्यावरच. म्हणून माझं मन त्या वाणापेक्षा जुन्या उपायाकडे जातं, ताट रानात कणखर राहू द्यावं आणि ते कापून घरी आल्यावर त्याच्या गाठी सैल कराव्यात.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत वैरणीचा दुष्काळ पडला, तेव्हा एर्न्स्ट बेकमान या नामांकित रसायनशास्त्रज्ञानं काड कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात भिजवून जनावरांना पचेल असं केलं. सोडा आपल्याकडं धोक्याचा आणि महागाचा, पण अल्कली दुसरीही आहे. युरिया ओलाव्यात कुजला की त्याचा अमोनिया होतो, तोच अमोनिया, ज्यानं हॅरिस आणि हार्टलींच्या चकत्या हिरव्या उजळल्या होत्या. कुटी केलेला 100 किलो वाळला कडबा घ्यायचा. 4 किलो युरिया साधारण 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर सारखा शिंपडायचा, प्रत्येक थर पायानं दाबायचा आणि ढीग प्लास्टिकच्या कागदानं हवाबंद झाकून 21 दिवस तसाच सोडायचा. युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडाला लागेल अशी कधीही ठेवायची नाही, ते पाणी विषारी ठरतं. उघडल्यावर उग्र वास येईल, तो तासभर मोकळ्या हवेत जाऊ द्यायचा, मग थोड्या थोड्यानं सवय लावायची. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला मात्र ही वैरण घालायची नाही, त्याच्या पोटातला तो पहिला कप्पा अजून पुरता तयार झालेला नसतो.